भाऊजींचा रस्ता

बेरूतच्या गल्ल्या पाठ असलेल्या आमच्या भाऊजींना पांढरकवड्याच्या बाजारातून स्वतःचं घर सापडत नसे. माझे हे धाकटे दीर मुंबईच्या एका वर्तमानपत्राचे परदेशातले बातमीदार होते, आधी कैरोत, मग बेरूतला. सुटीवर आले की नागपूरहून ट्रकवाल्याशेजारी बसून चौकात उतरत आणि भलत्याच गल्लीत शिरत. शेवटी पानवाला त्यांना दारात आणून सोडी. "वहिनी, तुमचं गाव दरसाल जागा बदलते," असं वर मलाच सुनवायचे. त्यांच्यावर रागावणं मला कधी जमलं नाही.

सासूबाईंना अक्षरओळख नव्हती. कैरोवर बॉम्ब पडले तेव्हापासून दुपारच्या मोटारीने पेपर आला की त्या विचारत, "आला काय माहा पोरगा?" 'आमच्या खास बातमीदाराकडून' एवढं मी वाचलं की मगच त्या जेवायला बसत. पुढची बातमी त्यांना नको असे. मलाही ती कळत नसे. तिकडे कोण कोणाशी भांडतंय, असं भाऊजींना विचारलं तर म्हणत, "मले समजलं असतं तं एवढं लिहिलं असतं काय?"

एकदा त्यांना घरी येऊन आठवडा झालेला. ओसरीवर भाकर खात बसले होते आणि पेपरात त्यांची बेरूतची ताजी बातमी! सासूबाई चक्रावल्या. "तू इथं, मंग तिथून कोन लिहून राह्यलं?"

"मी सुटीवर असलो का हापिसातलेच कोनी लिहितेत, आई. वर ओळ माहीच टाकतेत. आमच्या धंद्यात चालते असं."

सासूबाई कधी त्यांच्याकडे, कधी पेपराकडे पाहत राहिल्या. आम्ही दोघं पोट धरून हसलो.

पुढे दोन-तीन वर्षांनी तार आली. बेरूतबाहेर मोटार उलटून भाऊजी गेले होते. ह्यांनी आईला कसंबसं सांगितलं. त्या रडल्या नाहीत. दुपारी पेपर आला तेव्हा मला म्हणाल्या, "वाच."

आत बेरूतची बातमी होती, 'आमच्या खास बातमीदाराकडून'. ती भाऊजींनीच धाडलेली शेवटची, की हापिसातल्या कोणाची, हे मला आजही उमगलेलं नाही. वाचावं की गाळावं, तेही सुचेना. वाचलं.

"मंग सुटीवर निघाला असन तो," सासूबाई म्हणाल्या. "चौकात जाऊन उभी राह्य, सूनबाई. नाई तं रस्ता चुकते त्याचा."

घरात सगळे रडत होते. मी डोक्यावर पदर घेतला आणि चौकात जाऊन उभी राहिले. नागपूरकडचा ट्रक थांबला की मी खरंच उतरणाऱ्यांकडे पाहत होते.