खेकड्याचं अर्धं तिकीट

अकरा मे, रविवार. रक्कम तीनशे दहा रुपये. सोलापूर एसटी स्टँडवर हजर होतो मी, आमच्या शेजारचे टेलर, मालवणच्या गाडीचा कंडक्टर आणि एक खेकडा.

टेलर दिसेल त्याला रामराम घालतात, दूधवाल्याच्या म्हशीलासुद्धा. चारच दिवसांपूर्वी आम्ही दोघे मालवणला समुद्राखाली उतरलो होतो. तिथं माशांना रामराम म्हणताना त्यांच्या तोंडातली हवेची नळी दोनदा सुटली. वर आल्यावर त्यांनी किनाऱ्यावरचा एक शंख आठवण म्हणून खिशात टाकला. घरी आल्यावर तो शंख शिलाई मशीनवरून चालू लागला. आत खेकडा होता.

ओलं फडकं घातलेल्या डब्यात त्याला ठेवून टेलर परत मालवणला निघाले, मी त्यांना सोडायला आलो.

"एका खेकड्यानं समुद्राचं काय अडतंय?" मी विचारलं.

"समुद्राचं न्हाय अडत. ह्याचं अडतंय की!"

गाडीत डबा त्यांनी शेजारच्या सीटवर ठेवला होता.

"मामा, डबा खाली ठेवा," कंडक्टर म्हणाला.

"खाली पत्रा तापलाय. मरंल की त्यो!"

"मग मांडीवर घ्या."

"मांडीची ऊब लागती त्याला."

"मग हाफ तिकीट काढा, न्हायतर दोघंबी उतरा."

स्वतःचं तिकीट काढून टेलरांकडे चाळीस रुपये उरले होते. ते डबा उचलून उतरायला उठले. आत खरखर झाली.

कंडक्टरला तीनशे दहा रुपये मी दिले. गाडी हलली तेव्हा खालून टेलरांना रामराम घातला, आणि डब्यालाही.