गिन्याचा फोटो

चिलीच्या दक्षिणेला, चिलोएच्या आतल्या समुद्रात जी लहान लहान बेटं विखुरली आहेत, तिथली निम्मी पोरं नोल्फा उएन्तेओच्या हातची सुई टोचून घेतच मोठी झाली. दवाखान्याच्या लाँचवरची ती नर्सबाई. नवरा तरुणपणीच मेंढ्या कातरायला अर्जेंटिनात गेला आणि तिकडेच दुसरा संसार मांडून बसला. नोल्फाने कपाळाला हात लावला नाही. मुलीला, यास्नाला, शिकवलं, पोर्तो मोंत शहरात नोकरीला लावलं, आणि स्वतः दर आठवड्याला लाँचमध्ये चढत राहिली. तिच्या फोनमध्ये फोटो असत ते गळवांचे, भाजलेल्या हातांचे, सुजलेल्या पायांचे. डॉक्टरला पाठवायचे आणि उत्तराची वाट बघायची.

नोव्हेंबरातली एक ओलसर सकाळ होती. लाँच बेटाच्या धक्क्याला लागली. औषधांची पिशवी खांद्याला अडकवून नोल्फा चढणीच्या वाटेला लागली. वाटेत बांबूचं दाट रान आहे आणि त्याच्या तोंडाशी वीज पडून दुभंगलेलं एक जुनं झाड. ती तिथे पोचली आणि पाय जागीच थबकले.

झाडाच्या आडव्या फांदीवर गिन्या बसली होती.

गिन्या म्हणजे रानमांजर. घरच्या मांजरीहून लहान, अंगभर काळे ठिपके, झुबकेदार शेपूट. बेटावर जन्म काढलेल्या माणसांनासुद्धा ती दिसत नाही, दिसतात त्या तिने मारलेल्या कोंबड्या. मानेवर दातांच्या दोन खुणा, म्हणून लोक म्हणतात ती रक्त पिते. नोल्फाने आयुष्यात पहिल्यांदाच तिला जिवंत पाहिलं. तोंडात तांबडी कोंबडी होती. पोटाखाली सड भरलेले दिसत होते, म्हणजे कुठेतरी पिल्लं होती. नोल्फाने श्वास रोखून फोन वर केला. गिन्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, मग खाली उतरली आणि बांबूत दिसेनाशी झाली.

फोटो झकास आला होता. नोल्फा एकटीच हसत चढण चढली. यास्नाला कधी एकदा दाखवते असं तिला झालं होतं.

ओतिलियाच्या अंगणात पाऊल टाकलं आणि हसू मावळलं. ओतिलिया पिसांच्या पसाऱ्यात उभी होती. तिच्या मोठ्या मुलीचा बाप्तिस्मा धर्ममाता म्हणून नोल्फाच्या मांडीवर झालेला, तेव्हापासून त्या दोघी एकमेकींना 'कोमाद्रे' म्हणत.

"बघा कोमाद्रे, निम्मं खुराडं रिकामं केलं मेल्याने!"

"कोणी?"

"दुसरं कोण? त्या म्हाताऱ्या एलिओदोरोच्या कुत्र्याने." बोलला तो तिचा नवरा बाल्देमार, दारात बसून बंदुकीची नळी पुसत. "गेल्या वर्षी माझं कोकरू फाडलं त्याने. तेव्हा सोडला. आज जेवण झालं की जातो आणि निकाल लावून येतो. एलिओदोरोला सांगून ठेवलंय, बांधून ठेव म्हणून."

नोल्फाच्या खिशातला फोन एकाएकी जड झाला. ओतिलियाने पुढे केलेला मिल्काओ, म्हणजे बटाट्याचा गरम रोट, तिने हातात घेतला आणि तसाच पिशवीत टाकला. "म्हाताऱ्याचं प्रेशर बघून येते," म्हणून निघाली.

एलिओदोरोची बायको वारली होती, मुलगे दक्षिणेत तेलविहिरींच्या कामावर. घरात उरला होता तो आणि कापितान, एका डोळ्याने आंधळा काळा कुत्रा. म्हातारा चुलीपाशी बसला होता आणि कुत्र्याचं डोकं त्याच्या बुटावर होतं. नोल्फाने त्याच्या दंडाला पट्टा बांधला. तिने पट्टा सोडून पुन्हा बांधला; आकडा तितकाच वर.

"काका, गोळ्या घेता ना?"

"गोळ्यांचं काय घेऊन बसलीस पोरी. हा रात्रभर माझ्या खोलीत होता. दार मी आतून लावतो. सांगितलं बाल्देमारला, तर म्हणतो, तुम्हाला आता रात्र कुठली नि दिवस कुठला ते तरी कळतं का." त्याने कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवला. "कोकराचं खरं होतं. ते मी कबूल केलं होतं. पण हे खोटं आहे."

"लाँचमधून नेऊ का याला? माझ्याकडे राहील थोडे दिवस."

"नको. पळवला तर गुन्हा कबूल केल्यासारखं होईल. मारायचाच असेल तर माझ्या दारात मारू दे."

बाहेर येऊन नोल्फा कुंपणाला टेकून उभी राहिली. इकडे आड, तिकडे विहीर. फोटो दाखवला तर गिन्या जाणार. नाही दाखवला तर कुत्रा जाणार, आणि त्याच्या मागोमाग बहुधा म्हातारा. तिने फोटो पुन्हा काढून पाहिला. ते भरलेले सड पाहिले. मग फोन खिशात टाकला आणि ओतिलियाच्या घराकडे चालू लागली.

"बाल्देमार, एक दाखवते. पण आधी शब्द द्या. खुराड्याला जाळी माराल, आणि जी दाखवते तिच्या वाटेला जाणार नाही. पिल्लांची आई आहे."

"दिला शब्द. तुमच्या धर्मलेकीची, माझ्या मोठीची शपथ."

त्याने फोन हातात घेतला, डोळे बारीक केले आणि खो खो हसला. "अरेच्चा! ही तर रक्तपिती! म्हणजे कापितान बिचारा साव निघाला की! कुठे दिसली?"

"पलीकडच्या किनाऱ्याला," नोल्फा चटकन म्हणाली.

बाल्देमारने मान डोलावली आणि बंदूक खुंटीला टांगली. पण त्याची नजर फोटोतल्या दुभंगलेल्या झाडावर जरा जास्तच वेळ रेंगाळली होती. तसं झाड बेटावर एकच होतं.

पुढच्या आठवड्यात धक्क्यावर एलिओदोरो स्वतः आला होता, दाढी घोटून, टोपी घालून. कापितान बाजूला शेपूट हलवत.

"पोरी, फिटलं सगळं! बाल्देमार आला, माफी मागितली. म्हणाला, काका, कुत्रा द्या, खऱ्या चोराला पकडू. आणि माझ्या आंधळ्याने बांबूत शिरून बरोबर झाडावर चढवली तिला! बाल्देमारने एका गोळीत खाली आणली. सगळं बेट म्हणतंय, कापितानसारखा कुत्रा नाही!"

म्हाताऱ्याचा चेहरा लहान मुलासारखा उजळला होता. नोल्फाने तिथेच त्याच्या दंडाला पट्टा बांधला. कित्येक वर्षांत नव्हतं इतकं त्याचं प्रेशर छान होतं.

बाल्देमारच्या कुंपणावर कातडं ताणून वाळत घातलं होतं. नोल्फा त्याच्यासमोर उभी राहिली.

"शब्द दिला होता तुम्ही. मुलीची शपथ घेऊन."

"कोमाद्रे, जाळी मारली की! अर्धा शब्द तरी पाळला." तो हसायला गेला, पण जमलं नाही. "पोरांच्या तोंडातली अंडी जातात, तेव्हा मांजरीशी कसला शब्द?"

"मांजरीला नाही. मला दिला होता."

तो आत निघून गेला. ओतिलिया मागच्या दाराने बाहेर आली. तिचे डोळे सुजले होते. "कातडं काढताना दूध आलं हो," एवढंच म्हणाली, आणि पायात बूट चढवले.

दोघी पिल्लं शोधायला बांबूच्या रानात शिरल्या. गुडघ्यांवर रांगत, पोकळ खोडांत हात घालत, थांबून कान देत. पात्यांनी हात चिरले. पाऊस भुरभुरत होता. एका खोडाच्या तळाशी कोंबडीची पिसं आणि मऊ गवताची खळगी सापडली. खळगी रिकामी होती. पिल्लं पळाली की कुणी नेली की भुकेने कुठे पडली, काही कळायला मार्ग नव्हता. लाँचचा भोंगा वाजला तरी ओतिलिया उठेना. नोल्फाने तिला हाताला धरून उभं केलं.

त्यानंतरही नोल्फा त्या बेटावर जात राहिली. बाल्देमारच्या घरात मात्र ती बसली नाही; ओतिलियाच फाटकाशी माते, तो तिकडचा कडवट हिरवा चहा, घेऊन यायची, दोघी उभ्या उभ्या प्यायच्या. पुढच्या वर्षी, जुलैच्या हिवाळ्यात, एलिओदोरो झोपेतच गेला. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी जेवणाला मेंढी कापली, चांगली केली सगळ्यांनी म्हाताऱ्याची पाठवणी. कापितानला बाल्देमारने नेलं.

यास्ना एकदा फोनवर म्हणाली, "आई, तू दाखवायलाच नको होतास तो फोटो."

"मग काका त्याच महिन्यात गेले असते."

"म्हणजे बरोबर केलंस?"

"उद्या परत तसंच झालं ना, तर मी परत दाखवीन गं," नोल्फा म्हणाली. "तेच तर सहन होत नाही."