कॅरीतली काळी केळी

अमेरिकेत उतरल्यापासून मला जो तो शिकवत होता. नळ कसा फिरवायचा, कचरा कुठल्या डब्यात टाकायचा. ऐकून घेतलं. पण केळ्यातलं मला कुणी शिकवावं? शाळा चौथीपर्यंतच झाली, पण रावेरला उभा जन्म केळीच लावतोय.

कॅरी गावात मुलाचं घर. ओट्यावर सहा मोठाली केळी दिसली, काळीठिक्कर. आमच्याकडे असली गुरांपुढे टाकतात. घरात कुणी नव्हतं. उचलली आणि दारातल्या डब्यात टाकली. तासाभरात गाडी डबा उपसून गेली.

संध्याकाळी सुनेनं कपाळाला हात लावला. "बाबा, ती शेजारच्या यानिराची होती! तिच्या किचनचं काम चाललंय म्हणून इथं पिकायला ठेवली होती. तिच्या आईसाठी."

"सडकी केळी आईला घालते?"

"आजोबा, दे वेअर नॉट रॉटन!" नात ईशा ओरडली.

यानिरा कॅरिबियन बेटांवरची. प्लँटेन (जाड सालीचं, शिजवून खायचं केळं) म्हणजे त्यांची भाकरी. हिरवं असलं तर तळून चेपतात, काळं झालं की गोड काप तळतात. त्याला मादुरो म्हणतात. तिची आई नुकती दवाखान्यातून आली होती. अन्नाला तोंड लावत नव्हती, फक्त मादुरो मागत होती.

यानिरा कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिली, तिच्या भाषेत तडातडा बोलली. ईशा शाळेत स्पॅनिश शिकते. ती म्हणाली, "आजोबा, तिनं टेन डेज वाट बघितली. आणि ती म्हणते, हा कसला बनाना फार्मर?"

माझं डोकंच फिरलं. "तिला सांग, सहा दिवसांत काळी करून देतो!"

दुकानात सगळी हिरवीच. त्यातली सहा आणली. खोक्यात कागद, दोन पिकली सफरचंदं, वरून मुलाचं नवं ब्लँकेट, आणि खोकं हीटरशेजारी. अशी अढी (फळं पिकवायची ऊबदार रास) लावली.

"बाबा, माझं ब्लँकेट!" मुलगा कुरकुरला.

"गप रे. असल्याच अढीवर शिकलास."

सहाव्या दिवशी केळी काळी. यानिरानं ती तळली. तिच्या म्हातारीनं चार काप खाल्ले, पाचवा माझ्या हातावर ठेवला. कडेनं कुरकुरीत, आत गुळासारखा. माफी मात्र मी मागितली नाही. केळी दिली ना पिकवून?

रावेरला परतलो. त्याच आठवड्यात व्यापारी बागेत आला. "काका, सालीवर डाग आहेत. हे घड नकोत."

"आधी खाऊन तर बघ!"

"खायचं काय त्यात? दिसतंय ना."

शिवी अगदी ओठांवर आली, आणि कॅरीचा तो ओटा आठवला. मी तरी कुठं खाऊन पाहिलं होतं?

शिवी दिलीच. पण संध्याकाळी ईशाला फोन लावला. म्हटलं, "यानिराला सांग, आजोबांचं चुकलं."