गोळीचा श्वास

आमच्या निपाणीत देवाप्पाला लोक दोन गोष्टींसाठी ओळखायचे. एक म्हणजे गुळाच्या सौद्यातला त्याचा आवाज, आणि दुसरी त्याच्या गोळ्या. आवाज सगळ्या पेठेला माहीत होता, गोळ्या फक्त आमच्या गल्लीला. म्हणजे तसं गुपितच. गल्ली फार मोठी नाही.

त्याची आणि माझी भिंत एक. मी कधी कान लावला नाही, भिंतच पातळ होती.

देवाप्पा कल्लाप्पाण्णांच्या अडतीत सौदा पुकारायचा. दिवाळीच्या पाडव्याला नव्या गुळाचा मुहूर्त झाला की शिमगा उलटेपर्यंत त्याला मान वर करायला सवड नसे. त्या अडतीची रीत वेगळी होती. गुळाच्या रव्यांची, म्हणजे ढेपांची, थप्पी लागायची, खरेदीदार भोवती उभे राहायचे, आणि देवाप्पा खांद्यावर पंचा टाकून भाव पुकारायचा. एकदा आकडा सांगून गप्प बसायचं नाही. एका दमात तो आकडा ओढत राहायचा. त्याचा दम चालू आहे तोवर खरेदीदारांनी बोट वर करून भाव वाढवावा. बोट उठलं की देवाप्पा सूर न तोडता पुढच्या आकड्यावर जायचा. त्यानं श्वास घेतला की सौदा तुटला. शेवटचं बोट ज्याचं, गूळ त्याचा. तो ‘आयतु’ म्हणायचा, म्हणजे कानडीत ‘झालं’, आणि सगळे पुढच्या थप्पीकडं सरकायचे.

खोकला मात्र माफ होता. अर्धी निपाणी तंबाखूच्या वखारीत, त्यामुळं तंबाखू न खाणाऱ्याच्याही छातीत ती असतेच. खोकल्यावर सौदे तुटायला लागले असते तर पेठ न्याहारीच्या आधीच रिकामी झाली असती.

तर शेतकऱ्याचा भाव देवाप्पाच्या छातीवर अवलंबून होता, आणि छाती तशी होती. रवळू म्हणून एक शेतकरी होता, संकेश्वरच्या वाटेवरच्या खेड्यातला. तो गाडी घेऊन आला की आधी देवाप्पाच्या तब्येतीची चौकशी करायचा, मग बैल सोडायचा.

सत्त्याहत्तरच्या पावसाळ्यात देवाप्पा बसला तो उठेचना. ताप नाही, दुखणं नाही. भिंतीकडं तोंड करून बसायचा. भाकरी पुढं ठेवली तर भाकरीकडं बघायचा. सोनुबाई, त्याची बायको, मला म्हणाली, “भावजी, तुमी तरी बोलून बघा.” मी जाऊन त्याला तासभर विनोद सांगितले. तो शांतपणे रडला. मी परत आलो.

कारण काही नव्हतं. पण गल्लीला कारण लागतं, म्हणून आम्ही चार-पाच पुरवली. कुणी म्हणालं करणी, कुणी म्हणालं भावकी. समोरच्या जयाबाईनं सांगितलं की गेल्या सालात त्यानं एवढं ओरडून घेतलंय की आतलं सगळं संपलंय. त्यातल्या त्यात मला हेच पटलं होतं. अंगारे झाले, उतारे झाले, एक कोंबडीही कामी आली. शेवटी सोनुबाईनं कुणालाच न विचारता त्याला बसमध्ये घातलं आणि बेळगावला नेलं. शहापुरात मनाचा इलाज करणारे एक डॉक्टर बसायचे. त्यांनी गोळ्या दिल्या. बारक्या, तांबूस, वरून साखरेचा मुलामा. दिवसाउजेडी बघितल्या तर गोळ्या म्हणून कुणी ओळखल्या नसत्या, लग्नातल्या बडीशेपेबरोबर खपल्या असत्या.

आणि माणूस उठला की. दसऱ्यापर्यंत जेवायला लागला. माझ्या विनोदांना हसत मात्र नव्हता, पण तसा तो आधीही हसायचा नाही.

फक्त जीभ वाळली. त्या गोळ्यांनी तोंडाला कोरड पडायची. पाडव्याला तो थप्पीपुढं उभा राहिला, आकडा ओढायला लागला, आणि अर्ध्यात जीभ टाळूला चिकटली. तांब्या जवळ ठेवला, पण घोट घ्यायचा म्हणजे सूर तोडायचा. सूर तुटला की सौदा तुटला. त्या साली खरेदीदारांची चंगळ झाली. त्यातला मोठा भीमाप्पा. तो देवाप्पाला येता-जाता म्हणायचा, “पाणी पी रं देवाप्पा, उन्हाचं बरं असतंय.”

साल संपल्यावर कल्लाप्पाण्णांनी त्याला बोलावून सांगितलं, “माझे शेतकरी दुसऱ्या अडतीकडं चाललेत. पुढच्या पाडव्याला जमलं तर बघ. न्हाय जमलं तर मी दुसरा पुकारणारा ठरवतो. तू काट्यावर वजनाला थांब, मला काय तुझं वैर न्हाय.”

वजनाला थांब, हे देवाप्पाला फार लागलं. बापापासूनची ती जागा.

गल्लीचं मत आधीपासून एकच होतं: बरा झालास न्हवं, मग वेड्याच्या गोळ्या कशाला गिळतोस? गणपती पाण्यात गेले आणि त्याच आठवड्यात देवाप्पानं गोळ्या घरामागच्या परड्यात फेकल्या. सगळ्या, एकदम. सोनुबाईला सांगितलंच नाही.

आठवड्यात जीभ ओली झाली आणि श्वास गेला.

म्हणजे तसा चालू होता, पण पुरा भरायचा नाही. भाकरी खाता खाता घास हातात धरून तोंड उघडायचा, खांदे वर न्यायचा, हवा ओढायचा, आणि ती कुठंतरी गळ्याखाली अडून राहायची. मग मोठा सुस्कारा. मग परत. भिंतीपलीकडून मला वाटायचं, कुणी सायकलीत हवा भरतंय. शिवाय घाम, मळमळ, झोपेत भलतीसलती स्वप्नं. एकदा त्याच्या स्वप्नात मी आलो होतो, पण काय करत होतो ते त्यानं सांगितलं नाही.

गल्ली परत कामाला लागली. तंबाखूची धूळ, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. देवाप्पा जन्मात वखारीत गेलेला नव्हता, तरी. पेठेतल्या एका कंपौंडरानं दमा ठरवून दम्याच्या गोळ्या दिल्या. त्यानं काळीज इतकं धडधडायला लागलं की देवाप्पाला वाटलं आता जातोय. तो दारात बसून म्हणाला, “सोने, माझं काय खरं न्हाय.”

ती म्हणाली, “ती तांबडी गोळी खाताय न्हवं रोज?”

त्यानं परड्याच्या बाजूला बघितलं.

“परड्यात कोंबड्या दिवसभर झोपून असत्यात. मी म्हणते, ह्यांना काय झालंय.”

दुसऱ्या दिवशी परत बस, परत शहापूर. ह्यावेळी मीही गेलो. सोनुबाई म्हणाली सोबतीला चला, आणि खरं सांगायचं तर न जाता मला राहवलं नसतं.

डॉक्टरांनी आधी छाती नीट तपासली, फोटो काढून आणायला लावला. फोटो स्वच्छ. मग त्यांनी विचारलं, “गोळ्या कधी बंद केल्या?” सोनुबाईनं नवऱ्याकडं बघितलं. देवाप्पानं माझ्याकडं बघितलं, जणू मीच घेत होतो.

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, “ही गोळी शरीराला सवयीची होते. एकदम तोडली की शरीर बिथरतं. छाती तुमची ठणठणीत आहे. तुम्हाला वाटतंय हवा कमी पडते, म्हणून तुम्ही ओढत राहता, आणि जितकी ओढाल तितकी कमी पडल्यासारखी वाटते. गोळी परत सुरू करू. मग महिन्यामहिन्यानं थोडी थोडी कमी करू. मला विचारल्याशिवाय काही फेकायचं नाही.”

“पाडव्याच्या आत संपंल का?” देवाप्पानं विचारलं.

“नाही. उन्हाळा लागेल.”

“मग माझी जागा जाईल की वो.”

आम्ही डॉक्टरांना सौद्याची रीत समजावून सांगितली. त्यांनी ती दोनदा विचारून घेतली. ते म्हणाले, “जागेचं मला सांगता येणार नाही. श्वासाचं सांगतो. घ्यायच्या मागं लागू नका, सोडायच्या मागं लागा. बशीतला चहा निववता ना, तसा. ओठ बारीक करून, सावकाश.”

सोनुबाईनं ते शब्दशः घेतलं. सकाळ-संध्याकाळ देवाप्पापुढं बशी. तो फुंकायचा, सावकाश, चहावर बारीक लाटा उठायच्या, आणि खांदे खाली यायचे. पाणी फुंकून बघितलं, पण त्याला ते अवघड वाटायचं, म्हणून चहाच. त्या महिन्यात त्यांच्याकडं साखर फार गेली. मीही फुंकायला जायचो. माझ्या श्वासाला काही झालं नव्हतं, पण एकट्यानं फुंकायला माणसाला बरं वाटत नाही.

पाडवा आला तोवर धडधड थांबली होती, घास गिळत होता. गोळी पहिल्यापेक्षा लहान झाली होती, तशी जीभही सुटली होती. पण डॉक्टरांनी गोळी कमी केली की चार दिवस श्वास अडायचा, मग सुरळीत व्हायचा. आणि नेमकी पाडव्याच्या तोंडावर कमी झालेली.

पहिली थप्पी रवळूची होती. त्यानं तब्येत विचारली. देवाप्पा म्हणाला, “हाय.” रवळूनं बैल सोडायला वेळ लावला.

नारळ फुटला. देवाप्पानं आकडा धरला. आवाज तोच, जुना, थप्पीवरून पलीकडच्या रस्त्यापर्यंत जाणारा. एक बोट उठलं, दुसरं उठलं, भीमाप्पाचं उठलं. भाव चढत होता. आणि मधेच, भात्यात दम बाकी असताना, त्याची छाती हिसका देऊन वर आली आणि भस्सकन हवा आत गेली.

“आयतु,” भीमाप्पा म्हणाला.

रवळू खाली बसला.

“न्हाय,” देवाप्पा म्हणाला.

“काय न्हाय? श्वास घेतलास न्हवं?”

“घेतला. पण त्यो माझा न्हवता.”

भीमाप्पानं शांतपणे विचारलं, “मग कुणाचा?”

“गोळीचा.”

“कसली गोळी?”

देवाप्पानं पंच्यानं तोंड पुसलं. आता सांगितलं नसतं तर वजनाला उभं राहायचं, आणि सांगितलं तर उद्यापासून पोरंसोरं वेडा म्हणून मागं लागणार. मला वाटलं तो दम्याचं नाव घेईल. मी घेतलं असतं.

तो म्हणाला, “मनाची. गेल्या साली माझं मन बसलंतं. बेळगावच्या डाक्टरची गोळी खाऊन उठलं. आता ती गोळी सोडायलोय, तर श्वास अडतोय. खोकला जसा, तसाच ह्यो बी. माझ्या हातातला न्हाय.”

कुणी हसलं नाही. कारण सवाल पैशाचा होता, आणि पैशाच्या सवालावर निपाणीत हसत नाहीत. लगेच पंच बसले. म्हणजे तिथंच, रव्यांवर.

भीमाप्पानं वकिलासारखं विचारलं, “गोळी खातोस म्हणून अडतोय, का सोडतोस म्हणून?”

“सोडतोय म्हणून.”

“मग खा की.”

“खातोय की. कमी कमी करत.”

“म्हणजे आत्ताचा ह्यो श्वास खाल्लेल्या गोळीचा, का न खाल्लेल्या?”

देवाप्पानं विचार केला. “न खाल्लेल्या अर्ध्या गोळीचा.”

एक म्हातारा व्यापारी म्हणाला की जी गोळी खाल्लीच नाही, तिचा श्वास हिशेबात कसा धरायचा. दुसरा म्हणाला, म्हणूनच धरायचा नाही. रवळू म्हणाला, खोकला माफ तर ह्योबी माफ. भीमाप्पा म्हणाला, खोकला ऐकू येतो, ह्याचं मन कुणाला ऐकू येतंय. ह्यावर बराच वेळ गेला. गुळावर माश्या बसल्या.

शेवटी कल्लाप्पाण्णांनी निकाल दिला. गोळीचा श्वास खोकल्यात जमा. पण देवाप्पानं तिथल्या तिथं हात वर करून सांगायचं. आणि खोटं सांगितलेलं आढळलं तर त्याच दिवशी वजनाला.

रवळूचा सौदा परत पुकारला. बरा भाव आला. खरं तर पुष्कळ बरा, पण रवळू तसं कधी म्हणाला नाही.

त्या साली पेठेत नवा कायदाच झाला. देवाप्पा पुकारायचा, मधेच हात वर जायचा, “गोळीचा,” आणि सूर पुढं. खरेदीदार थांबायचे, बोटं वर तशीच. पोरं रस्त्यात ‘गोळीचा, गोळीचा’ करत मागं लागली थोडे दिवस. मग कंटाळली. मी त्याला विचारलं, “सगळेच गोळीचे का रं? एखादा तुझा बी असंल.” तो म्हणाला, “तुमी गूळ घेताय काय?” मी म्हटलं नाही. “मग गप बसा.”

एकदा भीमाप्पा मला गाठून हळूच म्हणाला, “त्या शहापूरच्या डाक्टरचं घर कुठल्या बोळात?” मी विचारलं कुणासाठी. तो म्हणाला, “कुणासाठी न्हाय.” मी बोळ सांगितला. बाकी मी कुणाला काही बोललो नाही, हे माझ्याबाबतीत नवलच समजा.

संक्रांतीला गोळी आणखी लहान झाली. हात वर जायचा, पण एका सकाळी एकदाच. शिमग्याच्या आधी डॉक्टरांनी शेवटची बंद केली. आम्ही वाट बघितली. चार दिवस गेले, आठ गेले. बशीतला चहा आता तो प्यायचा.

हंगामाचा शेवटचा आठवडा. थप्पी रवळूचीच, उरलासुरला गूळ. ऊन चढलेलं, देवाप्पा सकाळपासून पुकारत होता. आकडा ओढला, लांबवला, भीमाप्पाचं बोट उठलं, आणखी एकाचं उठू उठू करत होतं, आणि देवाप्पानं श्वास घेतला. हिसका नाही, धाप नाही. साधा.

भीमाप्पानं ‘आयतु’ म्हटलं नाही. सवयीनं थांबला. “गोळीचा न्हवं?”

रवळूनं देवाप्पाकडं बघितलं. नुसता हात वर करायचा होता. आख्खी पेठ मानायला तयार होती. देवाप्पा दोन्ही हात पंच्याला धरून उभा होता. त्यानं परत एक श्वास घेतला, पुरता, खालपर्यंत, जणू आधीचा तपासून बघत होता.

“न्हाय,” तो म्हणाला. “ह्यो माझा.”

“आयतु,” भीमाप्पा म्हणाला.

माणसं पुढच्या थप्पीकडं सरकली. रवळूनं बैल जुंपले. जू चढवून झाल्यावर तो देवाप्पाजवळ आला आणि म्हणाला, “बरं व्हायला तुला माझाच गूळ घावला व्हय रं?”