आप्पांची न झालेली कुस्ती

खुर्चीत बसण्याआधी आप्पा मांडीवर शड्डू ठोकायचे. मग उजवा गुडघा दोन्ही हातांनी उचलून नीट मांडायचे आणि म्हणायचे, "लई मोठी कुस्ती झालती, बाई!" खानापूरकडच्या त्यांच्या गावात शेंबड्या पोरालाही ती कुस्ती पाठ होती. फौजी आप्पा रजेवर निघाले, वाटेत परगावच्या जत्रेत निपाणीच्या नामांकित पैलवानाला चीतपट केलं आणि त्यात गुडघा गेला.

बेळगावात कॅम्पाजवळ माझं वकिलीचं ऑफिस आहे. माजी सैनिकांच्या पेन्शनची कामं मी करते. गुडघ्याच्या अपंगत्वाचं पेन्शन मिळावं हा आप्पांचा अर्ज फेटाळला गेला होता. दुखापत रजेवर असताना, कुस्तीत झाली. नोकरीशी संबंध नाही. आता तुम्हीच सांगा, हे लष्कराच्या डॉक्टरांना कुणी सांगितलं असेल? खुद्द आप्पांनी!

"खरंच झाली होती का कुस्ती?" मी विचारलं.

आप्पांनी आधी दाराकडे बघून घेतलं. "न्हाय ओ, बाई. डाळ घिऊन पडलो."

बर्फातल्या चौकीवर होते ते. खालच्या लंगरातून, म्हणजे फौजी स्वयंपाकघरातून, डाळीचं पातेलं वर नेताना पाय घसरला. दवाखाना न गाठता पट्टी बांधून तसेच राहिले. रजेवर आल्यावर गाव विचारायला लागलं, का लंगडता? "फौजी माणूस डाळ घिऊन पडला, असं कुठल्या तोंडानं सांगू?" पुढे तपासणीच्या वेळी डॉक्टरांचा मदतनीस नेमका आपल्याच भागातला निघाला. मग काय, त्याच्यापुढंही कुस्तीच झाली!

हसावं की कपाळ बडवून घ्यावं, मला कळेना. चौकीवरच्या एका सोबत्यानं पडल्याचं शपथपत्र दिलं. पण कुस्ती खोटी ठरवायला पैलवानच हवा! मी निपाणी गाठली. पैलवान ऐकून उडालेच.

"म्हंजी मला पाडणारा त्यो ह्योच? अवो, मी त्याचं तोंडबी बघितल्यालं न्हाय! लोक अजून इचारत्यात मला!"

चला, तुमची हार पुसून काढू, असं म्हणायचा अवकाश, त्यांनी पटका बांधायला घेतला.

आता अडून बसले ते आप्पा. गावात तोंड कसं दाखवू, हे एकच पालुपद. शेवटी त्यांच्या बायकोनं, आक्कांनी, ठणकावलं, "सकाळी हाताला धरून तुमास्नी उठवाय ती कुस्ती येत्या व्हय? मलाच यावं लागतंय. चला गुमान!"

बेंगळूरला भरलेल्या सैनिकांच्या ट्रायब्युनलात पैलवानांनी साक्ष दिली. आमची कुस्ती कधी झालीच नाही! मग आप्पा उभे राहिले आणि खाली मान घालून डाळीची हकीकत सांगू लागले. पीठावरच्या निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांनी मधेच विचारलं, डाळ सांडली, मग त्या दिवशी वरचे जवान जेवले काय?

आप्पा हिंदी विसरून आपल्या बोलीत बोलले, "परत खाली गेलो की, साहेब. दुसरी आणली."

त्याच गुडघ्यानं! हे त्यांनी मलाही सांगितलं नव्हतं. साहेबांना मी ते हिंदीत सांगितलं. मागच्या बाकावर पैलवान आपणहून उठून उभे राहिले.

आम्ही जिंकलो! निकाल कळवताना मी फोनवर अक्षरशः ओरडले. पलीकडून आप्पा हसत म्हणाले, "बाई, गावातली पोरं आता डाळच इचारत्यात!"

यंदा आप्पा गेले. मी गावात पोचले तेव्हा तिरडी निघाली होती. पुढचा खांदा निपाणीच्या पैलवानांचा होता. कुणी बदलायला पुढं आलं की ते नुसती मान हलवायचे. स्मशान येईपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.