अण्णांनी पेटवलेली कणगी

कोल्हापूरहून बेळगावला परतताना कोगनोळी टोलनाक्यावर गाडी रांगेत अडकली होती, तेव्हा आईचा फोन आला. "सुमन, अण्णा गेले गं. दूधवाल्यानं लई हाका मारल्या, दार उघडलं न्हाय..." पुढं तिला बोलता येईना. मग म्हणाली, "तू सरळ टिळकवाडीला जा. मी निपाणीहून निघतेच." त्याला आता काही आठवडे झाले. आमच्या घरात ज्या माणसाबद्दल कधी मोकळेपणानं बोललं गेलं नाही, त्याच्याबद्दल आता तरी लिहावं असं वाटतं.

अण्णा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आमच्या गल्लीतून इंजिनिअरिंग शिकायला अमेरिकेला गेलेले पहिलेच. शिक्षण झालं, नोकरी लागली, कायम राहण्याचा परवाना मिळाला. तो देश तेव्हा व्हिएतनाममध्ये कम्युनिस्ट गनिमांशी लढत होता आणि असा परवाना असलेल्या परदेशी तरुणालाही सैन्यात बोलावलं जायचं. अण्णांना बोलावणं आलं. देश सोडून परत येणं त्यांच्या हातात होतं. "स्टँडवर हार घालून पाठवलं होतं मला," ते एकदा म्हणाले, "तेच तोंड घेऊन परत कसा येणार?" इंजिनिअर आहोत, कुठल्यातरी कचेरीत बसवतील, असा त्यांचा अंदाज होता. त्यांच्या हातात रायफल देऊन जंगलात पाठवलं.

इकडं निपाणीत माझे वडील, आप्पा, तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायकांची संघटना बांधत होते. लाल बावट्याचे कट्टर. त्या युद्धाविरुद्ध खुद्द अमेरिकेतली पोरं रस्त्यावर उतरली होती. निपाणीतही मोर्चा निघाला. आप्पा पुढं, घोषणा देत. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "तुझा भाऊ कुणाच्या बाजूनं लढतोय रं?" आप्पांचा वर गेलेला हात खाली आला. घरी येऊन ते आजीला म्हणाले, "आजपास्नं मला भाऊ न्हाय."

अण्णा परत आले तेव्हा त्यांना आणायला स्टँडवर एकटी आजी गेली. आप्पा चिकोडीला निघून गेले, ते काही दिवसांनी उगवले. त्यानंतर दोघे भाऊ एका छपराखाली जेमतेम एक हंगाम राहिले. ऊस तुटला आणि मागच्या रानात कुणीतरी पाचट पेटवलं. धूर स्वयंपाकघरापर्यंत आला. अण्णा कुठं दिसेनात म्हणून शोधाशोध झाली, तर ते गोठ्यात म्हशीच्या पोटाशी अंग चोरून बसलेले, दोन्ही कानांवर हात. आप्पांनी ते पाहिलं आणि तसेच बाहेर गेले. थोड्याच दिवसांत अण्णांनी बेळगाव गाठलं. एका फाउंड्रीत ड्रॉइंगचं काम आणि टिळकवाडीत दोन खोल्या. लग्नाची बोलणी दोन-तीनदा झाली. "अमेरिका सोडून कोण परत येतंय? काहीतरी असणार," असं म्हणत माणसं उठून गेली. मग अण्णांनीच तो विषय बंद केला.

कॉलेजसाठी मी बेळगावला आले आणि रविवारी त्यांच्याकडं जायला लागले. आप्पांना ते ठाऊक होतं, पण त्यांनी कधी विचारलं नाही. अण्णा झकास भाकरी करायचे. भात मात्र त्या घरात कधी शिजला नाही. युद्धाचा विषय त्यांनी एकदाच, तोही हसत काढला. "मला तिथं दोन्हीकडची भीती. अंगानं मी त्यांच्यासारखा बारका, सावळा, कपडे ह्यांचे. शर्ट काढून नदीवर गेलो तर आमच्याच पोरांनी घातली असती गोळी." मी हसले नाही, तसे तेही थांबले आणि चहा टाकायला उठले.

पुढं आप्पांची छाती तंबाखूच्या धुरळ्यानं पोखरली. ते अंथरुणाला खिळलेत हे कळल्यावर अण्णा न बोलावता एसटीनं निपाणीला आले. मी तिथंच होते. आप्पांनी उशीवरून मान त्यांच्याकडं वळवली.

"काय केलंस रं तिथं?"

अण्णा खाली बघत बोलायला लागले. एक गाव होतं. तिथून गनिमांना धान्य जातं अशी खबर होती. धान्य जाळायचा हुकूम झाला. एका घरात शेणानं सारवलेली भाताची कणगी होती, खानापूरला मामाच्या घरी असायची तशीच. तिला पाठ लावून एक म्हातारी बसलेली. "चारचौघांतनं ती माझ्याशीच बोलत होती. माझं तोंड बघून तिला वाटलं, ह्याला तरी आपलं कळंल. मी तिला उचलून भाईर बसवलं आन् काडी लावली."

"मग?"

"ती परत आत पळाली. कुणी धरलं न्हाय. मीबी न्हाय..."

आप्पांना खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर ते म्हणाले, "एवढी वर्सं बोलला न्हाईस?"

"तू इचारलंस कुठं?"

आप्पांनी चादरीवरून हात पुढं सरकवला. अण्णांनी तो धरला. त्याच आठवड्यात आप्पा गेले. सरणाला अग्नी दिला तेव्हा अण्णा लांब, पाठ फिरवून उभे होते.

गेल्या वर्षी भाकरी थापता थापताच ते मला म्हणाले, "मला जाळायचं न्हाय, सुमन. मातीत ठेवा." मी हो म्हटलं. पण त्या दिवशी टिळकवाडीच्या अंगणात भाऊबंद जमले तेव्हा कुणी ऐकेना. "आपल्यात पुरत न्हाईत. लोक काय म्हणतील?" आप्पांचे चुलतभाऊ बाळूकाका तर भडकलेच. मग आप्पांच्या उशाशी जे ऐकलं होतं ते मी सगळ्यांसमोर सांगितलं. आईही ते पहिल्यांदाच ऐकत होती, भिंतीला टेकून. माझं सांगून संपलं. आईच पुढं झाली. "ते म्हणालेत तसंच करा. जिवंतपणी त्यांचं कुणी ऐकलं न्हाय."

निपाणीच्या आमच्या रानात, बांधाकडेला त्यांना ठेवलं. शेजारच्या रानात लिंगायतांच्या समाध्या आहेत. खड्डा खणायला तिथलीच माणसं आली. पहिली मूठ बाळूकाकांनी टाकली.

परवा घर आवरायला मी टिळकवाडीला गेले, तेव्हा आई सोबत आली. आप्पांच्या धाकानं आणि पुढं सवयीनं, अण्णा हयात असताना ती त्या घरात कधी आली नव्हती. मी भांडी बांधत होते. ती आतल्या खोलीत गेली आणि खिडकीजवळच्या अण्णांच्या खुर्चीवर बसली. समोर शेजारच्या बंगल्याची भिंत, तिच्यावर दुपारचं ऊन, बाकी काही नाही.

"सुमन," तिनं आतूनच विचारलं, "एवढी वर्सं हितं एकटेच बसत हुते व्हय गं?"

मी "व्हय" म्हणाले. भांडी तशीच सोडून आत गेले आणि तिच्याजवळ जमिनीवर बसले.