बारदान्याखालची ओल

नऊ वर्षं हे मी कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा मन या जागी आलं की मी पटकन पुढच्या मागणीवर जायचे. आता सांगायला बसले आहे, तर मध्येच उठून चहा ठेवायचा नाही, एवढं ठरवलं आहे. अवघड बोलणं आलं की मला चहा आठवतो. अशीच आहे मी.

मंगरूळपीरच्या कडेला आमचं लेआउट आहे. पस्तीस-चाळीस घरं असतील, सगळी आमच्यासारख्यांनी पोटाला चिमटा घेऊन बांधलेली. समोरच्या खोलीत मी ब्लाउज शिवते. नवरा कारंज्याला धान्याच्या दुकानात कामाला आहे. सकाळच्या एसटीने जातो, दिवेलागणीला परत येतो. म्हणजे दिवसभर घर माझं, आणि घराचं जे काय करायचं तेही माझं. मे महिना लागला की आमच्या गल्लीत सगळ्यांच्या माना वर असतात. स्लॅबला कुठे चीर गेली आहे का, गच्चीच्या पाइपात पाखरांनी काड्या कोंबल्या आहेत का, खिडकीवरचा छज्जा कुठून ओल धरतो — हे सगळं मृगाच्या आत पाहून घ्यायचं असतं. दर वर्षी कुणाचं तरी छत गळतंच. शेजारच्या लताताईंचं गळतं, समोरच्या गुरुजींचं गळतं.

माझं गळत नाही. आठ पावसाळे झाले, एक थेंब नाही. बायका माप द्यायला येतात, वर बघतात आणि म्हणतात, नशीबवान आहात. मी टेप गळ्यात टाकून हसते. त्या छताखाली बसून मी नऊ वर्षं हसत आले, याची आता लाज वाटते.

ते छत सुभाष मिस्त्रीने केलेलं आहे. सुभाष मिस्त्रीने आणि त्याच्या बायकोने, रुखमाने. ती दोघं जोडीनं काम करायची. ती माल कालवायची, म्हणजे सिमेंट, रेती आणि बारीक गिट्टी, आणि तो माल घोटून बसवायचा. बोलणं फारसं नाही. तिने घमेलं पुढे केलं की त्याचा हात तिकडे वळलेलाच असायचा. मी खालून पाहत राहायचे. आमच्या घरात मीठ मागायचं तरी तीन हाका माराव्या लागतात.

घर बांधून दोन वर्षं झाली आणि स्लॅबला केसाएवढ्या चिरा दिसल्या. म्हणून मे महिन्यात त्या दोघांकडून वर नवा कोबा, म्हणजे सिमेंटचा जाड थर, करून घेतला. काम संपलं त्या दिवशी सुभाषने सगळ्या कोब्यावर बारदाना अंथरला — धान्याची जुनी पोती — आणि तो भिजवून खाली आला. म्हणाला, "ताई, आता माह्यं काम संपलं, तुमचं सुरू झालं. धा दिवस तराई. सकाळ-संध्याकाळ पोते वले करा. उन्हाळा लई हाय, कोबा तहानला तं फाटन."

तराई म्हणजे ताज्या कोब्याला पाणी पाजत राहणं. समजायला काय अवघड आहे त्यात? मला समजलं होतं. ते मुद्दाम सांगते, कारण पुढे कुणी माझ्या बाजूने म्हणायला नको की बिचारीला कळलं नसेल.

आणि पाणी नव्हतं, असंही नाही. आमच्याकडे नळ आठ दिवसांनी येतो हे खरं. लेआउटमध्ये उन्हाळाभर भांडी मोजक्या पाण्यात घासतात हेही खरं. पण माझ्या टाकीत पाणी होतं. सकाळी चार बादल्या, संध्याकाळी चार बादल्या, एवढं नक्की होतं. मग ते कुठे गेलं?

कूलरमध्ये गेलं.

सांगून झालं एकदाचं. किती फालतू वाटतं, नाही? लग्नसराई होती. समोरच्या खोलीत दिवसभर बायका यायच्या. बाहेर अंग भाजून निघत होतं आणि माझ्याकडे वाळ्याच्या वासाचा गार वारा. काम नसलेल्यासुद्धा येऊन बसायच्या. "तुमच्याकडे कसं काश्मीरवानी वाटते," म्हणायच्या. मला ते फार आवडायचं. माझ्या खोलीत गर्दी असावी, माझ्या कूलरचं कौतुक व्हावं — यासाठी मी वरचं पाणी खाली ओतलं. पहिल्या दिवशी बादल्या घेऊन वर गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जाते म्हटलं. तिसऱ्या दिवशी म्हटलंसुद्धा नाही. नवरा संध्याकाळी विचारायचा, पाणी टाकलं का? मी शिवणयंत्रावरून मान न उचलता हो म्हणायचे.

एवढ्यावर थांबलं असतं तर आळशीपणा म्हणून सोडून दिलं असतं. पण पाचव्या दिवशी दुपारी मला खिडकीतून सुभाष दिसला, गल्लीच्या तोंडाशी, सायकल हातात धरून येताना. मी कात्री टाकली, दोन बादल्या भरल्या आणि जिना चढले. वाळून कडक झालेल्या पोत्यांवर ते पाणी ओतलं. तो वर आला तेव्हा मी पदराने कपाळ पुसत उभी होते, जशी रोजच उभी असते. त्याने ओली पोती पाहिली. खाली हात घालून पाहिलं नाही. म्हणाला, "तुमच्या हातचं काम हाय, मले चिंता नाही."

त्या वाक्यावर मी काय केलं असेल? हसले. त्याला चहा दिला.

पुढे आषाढात गळायला लागलं, आणि कुठे, तर नेमकं माझ्या शिवणयंत्रावर. लग्नाच्या तीन ब्लाउजपीसांचा रंग एकमेकांत उतरला. ज्यांचे ते होते त्या बायका समोर बसलेल्या, आणखीही चार-पाच जणी होत्या. त्या विचारायला लागल्या — असं कसं झालं, नवाच कोबा होता ना? सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्या वेळी खरं सांगायला कितीसा वेळ लागला असता? मी म्हणाले, "मिस्त्रीनं सिमेंट खाल्लं."

शिंपिणीच्या खोलीत बोललेलं वाक्य कुठवर जातं, हे तुम्हाला सांगायला नको. संध्याकाळपर्यंत ते गुरुजींच्या ओट्यावर पोहोचलं होतं. सुभाष दुसऱ्या दिवशी आला. मी त्याला दारातच उभं ठेवून, चारचौघींत, पुन्हा तेच ऐकवलं. त्याने वाद घातला नाही. वर जाऊन त्या चिरा बोटांनी चाचपून पाहिल्या आणि खाली येऊन एवढंच म्हणाला, "मालच कमी पडला असन, ताई. पावसाळा गेल्यावर पुन्हा करून देतो."

दसरा झाल्यावर तो आला. स्वतःचं सिमेंट घेऊन आला, आणि एकटाच आला. सगळा कोबा फोडून नवा केला. मग दहा दिवस, सकाळ-संध्याकाळ, सायकलवर खेड्यातून येऊन स्वतः पाणी टाकून गेला. माझ्याच टाकीतलं पाणी, माझ्याच जिन्यावरून. रोज दोनदा तो माझ्या खोलीसमोरून बादल्या घेऊन वर जायचा आणि मी यंत्र चालवत राहायचे. आणि बायकांना म्हणायचे, पाहा, दम दिला म्हणून नीट केलं. हे सगळ्यांत वाईट. कूलरची गोष्ट एक वेळ बाजूला ठेवा, पण हे वाक्य मी चांगली शुद्धीत, थंडीच्या दिवसांत बोलले आहे.

त्यानंतर आमच्या लेआउटमध्ये त्याला कुणी बोलावलं नाही. तो कारंज्याला दुसऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली जायला लागला असं कानावर आलं. नवऱ्याला तो कधीकधी एसटीत दिसायचा. नवरा मान फिरवायचा. बायकोच्या शब्दाखातर.

मग आज काहून सांगून राह्यली, असं तुम्ही विचाराल. सांगते.

या वर्षी चैत्रात एक बाई ब्लाउज घेऊन आली, कडेला फाटलेलं. चार जणींच्या देखत म्हणाली, तुम्ही आत कापड ठेवलंच नाही, उरलेलं ठेवून घेतलं. मी अशी तापले! शिवण उसवून तिच्यापुढे टाकली. आत दोन्हीकडे बोट-बोट कापड होतं. तिने ते गरम पाण्यातून काढून आटवलं होतं. बायकांनी पाहिलं, सगळ्या माझ्या बाजूने बोलल्या, ती बाई ब्लाउज उचलून निघून गेली. मी जिंकले. आणि त्या दिवशी मला भाकर गोड लागली नाही. मला शिवण उसवून दाखवता आली. त्याला काय दाखवता आलं असतं? तो चिरांवर बोट फिरवत होता आणि कारण त्या चिरांत नव्हतंच. कारण खाली वाळ्याचा वास घेत बसलं होतं.

त्याच आठवड्यात लताताई विचारायला आल्या, तुमचं छत गळत नाही, मिस्त्री कोण होता? दर वर्षी कुणीतरी विचारतं. दर वर्षी मी सांगते, होता एक, पण डोक्यावर उभं राहावं लागतं. या वेळी मी म्हणाले, उद्या सांगते. आणि सकाळी नवरा एसटीने गेल्यावर सुभाषच्या खेड्याकडे निघाले. हातात काही न्यावं का, पेढे, एखादी साडी? मग माझीच मला चीड आली. रिकाम्या हाताने गेले.

सुभाष शिडीवर उभा राहून स्वतःच्या घराच्या टिनांना, जिथे खिळे ठोकले होते तिथे डांबर लावत होता. रुखमा अंगणात तुरीची डाळ पाखडत बसली होती. मी बसले नाही. बसले असते तर तिने चहा ठेवला असता, आणि मग मी चहाच पिऊन आले असते.

"सुभाषभाऊ, त्या कोब्याले मी पाणी टाकलंच नव्हतं."

तो शिडीवरून खाली उतरला. ओरडला नाही. विचारलं काय, तर, "किती दिवस?"

"पयल्या दिवशी टाकलं. मंग तुमी पाहायले आलते तवा, तुमाले येताना पाहून. बस."

"मे महिन्यात?"

"हो."

त्याच्या हातांना डांबर लागलेलं होतं, ते तसेच पुढे धरून तो उभा होता. मग वळला — माझ्याकडे नाही, रुखमाकडे.

"ऐकलं का वं? माल बराबर होता."

तिने सूप थांबवलं नाही. "मी तवाच सांगतलं होतं," म्हणाली. आणि मग माझ्याकडे बघून, "नऊ वर्सं झाले, बाई. यानं माह्या हातच्या मालाले हात नाही लावला."

हे मला माहीत नव्हतं. माझ्या त्या एका वाक्यानंतर प्रत्येक कामावर तो तिच्याजवळ उभा राहून घमेली मोजायला लागला होता. आपली बायको सिमेंट खाणार नाही हे त्याला ठाऊक होतं, पण हात चुकला असेल, असं त्याच्या मनाने घेतलं. आधी तिचा, मग स्वतःचा. एक दिवस तिने फावडं खाली ठेवलं आणि निंदणाला जायला लागली. ती दोघं जोडीनं काम करायची, ते त्या दिवसापासून बंद. मी समजत होते, मी एका माणसाचं नाव खराब केलं. मी तर त्यांच्या घरात, दोघांच्या मध्ये जाऊन बसले होते.

त्याने माफ केलं, असं तो म्हणाला नाही. मीही, तसं म्हणा, असं म्हणाले नाही. परत येऊन दुपारी खोलीतल्या सगळ्या बायकांना सांगितलं, जिथे बोलले होते तिथेच, तेवढ्याच मोठ्याने. गुरुजींच्या ओट्यावर जाऊनही सांगितलं, कारण खरी गोष्ट आपल्या पायांनी तेवढी लांब जाईल याचा मला भरवसा नव्हता. दोन जणींनी आपली कापडं परत नेली. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो जेवणाचं ताट बाजूला सारून म्हणाला, "म्हंजे नऊ वर्सं मी त्या माणसाले पाहून मान फिरवली, ते तुह्या कूलरसाठी?" दुसऱ्या दिवशी एसटीत तो सुभाषच्या शेजारी जाऊन बसला. काय बोलले मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

लताताईंनी मिस्त्रीला बोलावलं. तो आला आणि त्याच्या मागे डोक्यावर घमेलं घेऊन रुखमा आली. दिवसभर मी माझ्या गच्चीवरून बघत होते. पहिली तीन-चार घमेली दोघंही अवघडलेली होती. मग तिने घमेलं पुढे केलं आणि त्याचा हात तिकडे वळलेलाच होता. मला रडू आलं. दुपारभर मी खाली आले नाही, कापडं तशीच पडून राहिली.

लताताईंचे गुडघे दुखतात, म्हणून त्या कोब्याची तराई मी मागून घेतली आहे. सकाळी चार बादल्या, संध्याकाळी चार. कूलर बंद आहे. बायका येतात, पंख्याखाली घाम पुसतात आणि लवकर उठून जातात. रुखमा रोज सकाळी कामावर जाताना वर येते. मला विचारत नाही. पोत्याचं टोक उचलते, खाली तळहात घालते आणि कोब्यावर फिरवून पाहते. ती पाहते तोवर मी बादली धरून बाजूला उभी राहते.

आज सहावा दिवस. तिने हात बाहेर काढला, तो ओला होता.